कॉलेजातला जादा वेळ तिसरीच्या वर्गात ठरतो



आपण इथे नेहमी पाठ, निबंध, उपक्रम यांवर बोलतो. आज मी कॉलेजबद्दल लिहिणार आहे. दिव्यांग मुलांना कॉलेजात परीक्षेला जादा वेळ, लेखनिक, वाचता येतील अशा नोट्स मिळतात का आणि कशा मिळतात, याबद्दल. तुम्ही म्हणाल, प्राथमिकच्या बाईंना कॉलेजचं काय पडलंय? २०२४ च्या जानेवारीपर्यंत मलाही तसंच वाटायचं. चौथी झाली, दाखला दिला, आपलं काम संपलं. मग एका रविवारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला आणि माझा हा समज गेला.

हा मुलगा २०१३-१४ साली माझ्याकडे तिसरीत होता. तोंडी गणितात वर्गात पहिला. वडील आठवडी बाजारात भाजी विकायचे आणि याला सोबत न्यायचे. पावणेदोन किलोचे किती, पन्नासातले परत किती, हे तो बोट न मोडता सांगायचा. गोष्ट सांगायला उभा केला की मुलं डबा खायची विसरायची. पण वही उघडली की सगळं उलटं. फळ्यावरचा ‘भाऊ’ वहीत ‘माऊ’ व्हायचा. ‘घर’चं ‘धर’. ‘प्रकाश’ लिहायला सांगितलं की रफार कुठे द्यायचा आणि पायात रेघ कुठे द्यायची, यातच त्याची पाच मिनिटं जायची. इतरांच्या दहा ओळी होईपर्यंत याच्या दोन, आणि त्याही त्यालाच वाचता यायच्या नाहीत.

मी काय केलं? मला तो आवडायचा, म्हणून मी त्याला सांभाळून घेतलं. चाचणी तोंडी घेतली आणि गुण टाकले. शेजारच्या मुलीला सांगितलं, याची वही तू लिहून देत जा. एकदाही रागावले नाही. मला वाटायचं, मी चांगली शिक्षिका आहे. आणि वर्षाच्या शेवटी प्रगतिपत्रकात वर्णनात्मक नोंदीच्या रकान्यात, शंभर मुलांच्या बाबतीत लिहितो तसं, लिहून टाकलं : ‘लेखनाचा कंटाळा करतो. अक्षर सुधारणे आवश्यक.’

तो पुढे गेला. आठवीपर्यंत नापास करायचं नव्हतंच. २०२१ ला तो दहावीला होता. आठवत असेल, त्या वर्षी कोरोनामुळे दहावीची परीक्षाच रद्द झाली आणि निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला. म्हणजे ज्या परीक्षेच्या निमित्ताने एखाद्या शिक्षकाने ‘याला जादा वेळ लागेल, मंडळाकडे प्रस्ताव पाठवूया’ असं म्हटलं असतं, ती परीक्षाच झाली नाही. बारावी कशीबशी काठावर निघाली. वाणिज्य शाखेला प्रथम वर्षाला प्रवेश मिळाला आणि पहिल्या सत्राच्या परीक्षेत त्याचे दोन विषय राहिले. येत होतं सगळं, पण प्रत्येक पेपर अर्ध्यावर सुटला.

त्याच्या नशिबाने कॉलेजात एका प्राध्यापकांच्या लक्षात आलं की हा वर्गात बोलतो ते आणि पेपरात लिहितो ते, दोन वेगळी मुलं वाटावीत इतकं वेगळं आहे. त्यांनी त्याला कार्यालयात पाठवलं. कार्यालयात विचारलं, प्रमाणपत्र आहे का? नाही. जिल्हा रुग्णालयात गेला. तिथे विचारलं, शाळेत असताना कधी तपासणी झाली होती का? काही नोंद? कोणी शिक्षकांनी लिहून दिलेलं? म्हणून तो माझ्याकडे आला होता.

त्याच्या आईने रेशनकार्डाच्या पिशवीत त्याची सगळी प्रगतिपत्रकं जपून ठेवली होती. त्यातलं तिसरीचं त्याने माझ्यासमोर ठेवलं. माझंच अक्षर, माझीच सही. म्हणाला, “मॅडम, मी कंटाळा नव्हतो करत.”

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. चूक दुरुस्त करावी तसं तो म्हणाला. मला मात्र त्यावर काही बोलता आलं नाही.

माया होती, कागद नव्हता

मी डी.एड.ला असताना ‘तारे जमीन पर’ आला होता. २००७ साल. आम्ही सगळ्या मुली थिएटरात रडलो होतो. डिस्लेक्सियावर टिपण लिहून मार्कही मिळवले होते. आणि सहा वर्षांनी तसाच मुलगा माझ्या वर्गात बसला, तर मी त्याला ओळखलं नाही. ओळखलं नाही म्हणण्यापेक्षा, मला काहीतरी वेगळं आहे हे कळलं होतं. पण ते मी कुठेही लिहिलं नाही. माझी सगळी मदत तोंडी होती. मी त्याला जादा वेळ दिला, पण दिल्याची नोंद केली नाही. तोंडी परीक्षा घेतली, पण का घेतली ते लिहिलं नाही. दहा वर्षांनी त्याला माझ्याकडून जो एकमेव कागद मिळाला, तो त्याच्याच विरुद्ध बोलत होता.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे : दिव्यांग मुलाला कॉलेजात मिळणारी सोय प्राचार्यांच्या सहीने मिळते हे खरं, पण ती मिळणार की नाही हे पुष्कळदा आपल्या वर्गात, दहा वर्षं आधी ठरतं. आणि ते आपल्या मायेवर नाही, आपल्या नोंदीवर ठरतं.

‘सवलत’ हा शब्द आधी बाजूला ठेवू

कायद्यात यासाठी शब्द आहे ‘रिझनेबल अकोमोडेशन’. अकोमोडेशन म्हटलं की आपल्याला लॉज आठवतो. मराठीत ‘वाजवी सोय’ म्हणू. आपण शाळेत सर्रास ‘सवलत’ म्हणतो आणि तिथेच घोळ होतो. सवलत म्हणजे एस.टी.च्या तिकिटावर मिळते ती, कोणीतरी मोठ्या मनाने दिलेली सूट. सोय वेगळी. वर्गात बुटका मुलगा पुढच्या बाकावर बसवतो, तेव्हा आपण त्याला सवलत दिली असं म्हणत नाही. त्याला फळा दिसावा एवढंच आपण बघतो. फळ्यावरचं गणित त्याच्यासाठी सोपं होत नाही.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात सातच प्रकार होते. नव्या कायद्यात ते २१ झाले आणि त्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सिया, डिसग्राफिया, डिसकॅल्क्युलिया वगैरे, प्रथमच आली. आपल्या राज्य मंडळाकडून अशा मुलांना सोयी त्याच्याही आधीपासून मिळत होत्या, पण केंद्राच्या कायद्यात ती मुलं नव्हतीच.

या कायद्यातल्या चार गोष्टी प्रत्येक शिक्षकाला आणि पालकाला माहीत असाव्यात.

एक, कलम १६ प्रमाणे शासनाच्या अनुदानावर चालणाऱ्या किंवा शासनमान्य अशा शिक्षणसंस्थांनी मुलाच्या गरजेनुसार वाजवी सोय द्यायची आहे. ‘आमचं कॉलेज विनाअनुदानित आहे’ हे उत्तर इथे चालत नाही.

दोन, कलम १७ मध्ये परीक्षा पद्धतीत बदल करण्याचं स्पष्ट सांगितलं आहे. जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, ही नावं कायद्यातच लिहिलेली आहेत.

तीन, वाजवी सोय नाकारणं हा कायद्याच्या व्याख्येनुसार भेदभाव आहे.

चार, कलम ३२ प्रमाणे शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखीव आहेत आणि प्रवेशाच्या वयोमर्यादेत ५ वर्षांची सूट आहे.

आता हा ४० टक्क्यांचा आकडा. आरक्षणासाठी तो लागतो. पण परीक्षेत लेखनिक मिळण्यासाठी? २०२१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयात लोकसेवा आयोगाच्या एका उमेदवाराचा निकाल लागला. त्याला लिहिताना हाताला पेटके येण्याचा विकार होता, आणि ४० टक्क्यांच्या व्याख्येत बसत नाही म्हणून लेखनिक नाकारला होता. न्यायालयाने सांगितलं की केवळ ४० टक्के नाहीत या कारणाने लेखनिक नाकारता येणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्या, पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यामुळे ‘टक्के भरत नाहीत’ असं ऐकून कोणी खिडकीवरून परत फिरू नये.

शाळा आणि कॉलेज यांत एक मोठा फरक

शाळेत मुलासाठी दुसरे धावतात. बाई, मुख्याध्यापक, गट साधन केंद्राचे विशेष शिक्षक, आई-वडील. दहावीचा प्रस्ताव शाळा करते. कॉलेजात कोणी धावत नाही. तिथे मुलाने स्वतः जाऊन सांगायचं असतं की मला ही अडचण आहे आणि मला ही सोय लागेल. प्रवेश घेताना सांगायचं, परीक्षेचा फॉर्म भरताना पुन्हा सांगायचं. अठराव्या वर्षी, अनोळखी गावात, खिडकीपलीकडच्या माणसाला.

आणि आपण त्याला दहा वर्षं काय शिकवलेलं असतं? गप्प बसायला. “याचं मी बघते” असं म्हणून आपणच त्याच्या वतीने बोललेलो असतो.

माझ्या विद्यार्थ्याचं तेच झालं. प्रमाणपत्राचं काम चालू असताना दुसऱ्या सत्राचे फॉर्म भरून झाले. त्याने विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की आता उशीर झाला, फॉर्मसोबत अर्ज द्यायला हवा होता, विद्यापीठाची परवानगी लागते. नियम म्हणून त्यांचं चूक नव्हतं. पण हा नियम त्याला कोणी आधी सांगितलाच नव्हता आणि विचारायचं असतं हे त्याला माहीत नव्हतं. आणखी एक सत्र गेलं.

म्हणून मी हल्ली तिसरी-चौथीतच मुलांना एक वाक्य बोलायला शिकवते. मूल कोणतंही असो. ‘मला ... जमायला वेळ लागतो, मला ... करू द्या.’ ‘मला फळ्यावरचं लांबून दिसत नाही, मला पुढे बसू द्या.’ ‘मला ऐकून कळतं, मला एकदा वाचून दाखवा.’ सुरुवातीला मुलं हसतात, मग सराव होतो. हे वाक्य जो आठ वर्षांचा असताना बाईंना म्हणू शकतो, तो अठराव्या वर्षी प्राचार्यांना म्हणू शकेल अशी मला आशा आहे.

आपण वर्गात काय करू शकतो

आपण डॉक्टर नाही. निदान करणं आपलं काम नाही, आणि ‘हा डिस्लेक्सिक आहे’ असं पालकांना सांगणं तर मुळीच नाही. आपलं काम आहे बघणं आणि लिहून ठेवणं.

पहिलीत भ-म, घ-ध, थ-य यांचा गोंधळ सगळ्याच मुलांचा होतो. तेवढ्यावरून घाबरू नका. पण तिसरीतही, पुरेसा सराव होऊनही तोच गोंधळ टिकला, बोलण्यातली समज आणि लिहिण्यातली समज यांत मोठी दरी दिसली, फळ्यावरून उतरवायला इतरांच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागला, जोडाक्षर आलं की मूल अडखळलं, तर ते तारखेसह नोंदवा. एकदा नाही, वर्षात तीन-चार वेळा. सोबत वहीच्या पानाचा फोटो किंवा झेरॉक्स ठेवा. आधी नजर आणि कान तपासून घ्या, कारण पुष्कळदा कारण तिथेच सापडतं. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं तेव्हा हे मूल त्या दिवशी हजर राहील याची काळजी घ्या. एन.सी.ई.आर.टी.चं ‘प्रशस्त’ नावाचं अ‍ॅप आहे. त्यात शिक्षकांसाठी प्राथमिक चाळणीची प्रश्नावली आहे. ते प्रमाणपत्र नव्हे, पण गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांकडे मूल पाठवताना हातात काहीतरी असतं.

नोंद कशी लिहायची? ‘लेखनाचा कंटाळा करतो’ ही नोंद नाही, तो आपला निकाल आहे. आता मी असं लिहिते : ‘पाच ओळींचा उतारा फळ्यावरून उतरवायला २५ मिनिटे लागली, वर्गाला साधारण १० मिनिटे. त्याच उताऱ्यावरील सहा प्रश्नांची तोंडी उत्तरे दिली, पाच बरोबर. चाचणी तोंडी घेतली. पालकांशी बोलले, तपासणीचा सल्ला दिला.’ चार वाक्यं. लिहायला तीन मिनिटं लागतात. पण या चार वाक्यांत मुलाची अडचण, त्याची ताकद, आपण दिलेली सोय आणि आपण केलेला पाठपुरावा, चारही गोष्टी येतात.

तिसरीचाच आग्रह का? कारण २०१८ च्या अधिसूचनेत अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षाआधी देता येत नव्हतं. तिच्याप्रमाणे ते आठव्या वर्षानंतर, पुन्हा चौदाव्या वर्षी आणि मग अठराव्या वर्षी तपासून द्यायचं होतं. अठराव्या वर्षीचं कायमचं. आठ म्हणजे आपली तिसरी. चौदा म्हणजे आठवी-नववी, दहावीच्या तोंडावर. अठरा म्हणजे कॉलेजचा उंबरठा. या तीन पायऱ्यांतली पहिली पायरी आपल्या हातात आहे.

पालकांशी दोन शब्द

तुमची भीती मला माहीत आहे. ‘शिक्का बसेल.’ ‘उद्या लग्नाचं कसं?’ मुलीच्या बाबतीत तर हे आधी येतं. पण विचार करा, शिक्का तर आपण लावलेलाच असतो. ‘ढ’, ‘आळशी’, ‘मठ्ठ’, ‘लक्ष नाही’. हे शिक्के फुकट मिळतात आणि पुसत नाहीत. प्रमाणपत्र कपाटात ठेवता येतं. गरज पडेल तेव्हाच काढायचं, गावभर दाखवत फिरायचं नाही.

एक फाइल करा. त्यात तपासणीचे कागद, शिक्षकांच्या नोंदी, प्रगतिपत्रकं, दहावी-बारावीला मिळालेल्या सोयीच्या मंजुरीचं पत्र आणि यू.डी.आय.डी. कार्ड ठेवा. कार्डासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज होतो. फाइलची एक प्रत मुलाकडे द्या आणि त्यात काय आहे हे त्याला समजावून सांगा. आपल्या अडचणीचं नावही माहीत नसलेली मुलं मी पाहिली आहेत.

दहावीला विषयात सूट घेताना पुढचा विचार करा. गणित सोडलं की आज सुटल्यासारखं वाटतं, पण पुढे ज्या शाखेला जायचं आहे तिथे गणित मागतात का, हे आधी बघा. काही वेळा विषय सोडण्यापेक्षा जादा वेळ घेऊन तोच विषय देणं शहाणपणाचं ठरतं.

कॉलेज निवडताना एकदा मुलासोबत प्रत्यक्ष जा आणि विचारा. समान संधी कक्ष आहे का आणि त्याचे प्रमुख कोण? मागच्या वर्षी लेखनिक किंवा जादा वेळ किती मुलांना दिला? परीक्षेचा अर्ज कोणत्या महिन्यात द्यायचा? चाकाच्या खुर्चीवरचं मूल असेल तर परीक्षा विभाग आणि ग्रंथालय कोणत्या मजल्यावर आहे, तिथवर रॅम्प किंवा लिफ्ट आहे का, आणि स्वच्छतागृह वापरता येतं का, हे डोळ्यांनी बघा. नॅकच्या मूल्यांकनात दिव्यांगस्नेही सोयींबद्दल कॉलेजला माहिती भरावी लागते, तेव्हा हे प्रश्न त्यांना नवे नसतात. मात्र कागदावरचा रॅम्प आणि पायऱ्यांच्या बाजूचा रॅम्प यांत कधी कधी फरक असतो.

कॉलेजात नेमकं काय मागायचं

केंद्राच्या ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे जादा वेळ तासाला किमान २० मिनिटं. म्हणजे दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं, अडीच तासांच्या पेपरला ५०, तीन तासांच्या पेपरला पूर्ण एक तास. लेखनिक न घेताही जादा वेळ घेता येतो. त्या सूचनांप्रमाणे लेखनिक स्वतःचा आणता यायचा किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून मागता यायचा. स्वतःचा आणला तर त्याचं शिक्षण परीक्षार्थीपेक्षा एक पायरी कमी लागायचं. संस्थेचा घेतला तर परीक्षेच्या दोन दिवस आधी त्याला भेटण्याची संधी मिळायला हवी. ही भेट फार महत्त्वाची आहे. ज्याच्या तोंडून आपलं उत्तर कागदावर उतरणार, त्याला आपलं बोलणं कळतं का हे आधी बघायला नको? शिवाय प्रत्येक विद्यापीठाचं आपलं परिपत्रक असतं, ते शोधून वाचा.

परीक्षेइतकाच महत्त्वाचा आहे वर्षभराचा अभ्यास. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात २००३ पासून दृष्टिबाधितांसाठी संसाधन केंद्र चालतं. प्रत्येक तालुक्यात तसं केंद्र होणार नाही, मान्य. पण काही गोष्टींना पैसा लागत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानुसार दिव्यांग वाचकासाठी पुस्तक वाचता-ऐकता येईल अशा रूपात आणायला मुभा आहे. ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ पासून आहे. संगणकावरचा मजकूर वाचून दाखवणारं एन.व्ही.डी.ए. हे सॉफ्टवेअर मोफत आहे, अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक असतंच.

इथे आपली एक सामूहिक चूक सांगते. माझा विद्यार्थी फोनवर नोट्स ऐकून अभ्यास करायला शिकला. पण कॉलेजच्या गटावर येणाऱ्या नोट्स म्हणजे हस्तलिखित पानांचे फोटो, नाहीतर जुन्या फॉन्टमधल्या पीडीएफ. फोटो फोनला सहज वाचता येत नाही. आणि श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये आपल्याला दिसते मराठी, पण आत असतात इंग्रजी अक्षरं. त्यामुळे वाचणारं सॉफ्टवेअर भलतंच काहीतरी बडबडतं. आता आपल्या शिक्षक गटांवर रोज फिरणाऱ्या स्वाध्यायपत्रिका आठवा. आपणही तेच करतो. युनिकोडमध्ये टाइप करणं आणि फोटोऐवजी मजकूर पाठवणं, एवढं जरी केलं तरी अंध, अल्पदृष्टी आणि अध्ययन अक्षम अशा कितीतरी मुलांना उपयोग होईल.

“पण इतर मुलांवर अन्याय नाही का?”

स्टाफरूममध्ये हा प्रश्न हमखास येतो. तो टाळू नये.

जादा वेळ दिल्याने न येणारं उत्तर येत नाही. मी हे वर्गात करून पाहिलं आहे. चाचणीला सगळ्यांनाच वीस मिनिटं जास्त दिली. ज्यांना येत होतं त्यांचं आधीच झालं होतं, ज्यांना येत नव्हतं ते खिडकीबाहेर बघत बसले. पेपर पुढे सरकला तो दोनच मुलांचा.

लेखनिकाच्या नावाखाली कॉपी होते, हा आरोप मात्र पूर्ण खोटा आहे असं मी म्हणणार नाही. खोट्या प्रमाणपत्रांचंही तेच. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून राज्यभर केवढा गदारोळ झाला, आपण पाहिलं. पण त्याचा उपाय तपासणी काटेकोर करणं हा आहे. खऱ्या मुलाकडे संशयाने बघणं हा नव्हे. आणि खरं-खोटं ओळखायला सगळ्यात भक्कम पुरावा कोणता? तिसरीपासून, वेगवेगळ्या शिक्षकांनी, वेगवेगळ्या तारखांना केलेल्या नोंदी. अठराव्या वर्षी अचानक उगवलेला कागद कोणालाही संशयास्पद वाटतो. आठव्या वर्षापासूनचा इतिहास वाटत नाही. म्हणजे घोटाळा थांबवायचा असेल तरीही पुन्हा आपल्या नोंदवहीकडेच यावं लागतं.

खरी अडचण वेगळी आहे : लेखनिक मिळतच नाही. परीक्षेच्या दिवसांत सगळ्यांच्याच परीक्षा असतात. यावर आपण गावपातळीवर करू शकतो. आपले माजी विद्यार्थी अकरावी-बारावीत असतात. त्यांतल्या इच्छुकांची यादी शाळेत ठेवली, वाचन स्वच्छ, अक्षर सुवाच्य, स्वभाव शांत एवढं बघून, तर तालुक्याच्या कॉलेजला ती देता येईल. आमच्या केंद्रात आम्ही चौघींनी अशी वही सुरू केली आहे. सध्या तिच्यात अकरा नावं आहेत.

तो आता

रविवारी तो गेल्यावर मी रात्री बसून रुग्णालयासाठी पत्र लिहिलं. तिसरीत त्याला काय यायचं, काय यायचं नाही, मी परीक्षा तोंडी का घेत होते, सगळं आठवून लिहिलं. आणि शेवटी लिहिलं की प्रगतिपत्रकातली नोंद माझ्या अपुऱ्या निरीक्षणावर आधारलेली होती. सही करताना हात जड झाला होता, खोटं कशाला बोलू. दहा वर्षांनी आठवणीवर लिहिलेल्या पत्राला त्या वेळच्या नोंदीची किंमत नसते, हे मला कळत होतं. तरी तपासण्यांच्या सोबतीला ते लागलं. चार फेऱ्या, पाच महिने, वडिलांचे तितके बाजार बुडाले, आणि प्रमाणपत्र मिळालं.

तिसऱ्या सत्रापासून त्याला जादा वेळ मिळतो. लेखनिक तो घेत नाही, स्वतःच लिहितो, सावकाश. त्या सत्रापासून त्याचा नवा विषय राहिलेला नाही. आता तो तिसऱ्या वर्षाला आहे, पण पहिल्या वर्षाचा एक विषय अजून निघायचा आहे. तो विषय त्याच्या अभ्यासाच्या खात्यावर मांडला जाईल. माझ्या हिशेबात तो माझ्या खात्यावर आहे.

मित्रांनो, यंदाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायला बसाल तेव्हा ‘कंटाळा करतो’, ‘लक्ष देत नाही’, ‘सुधारणा आवश्यक’ हे शब्द पेनाच्या टोकाशी आले की क्षणभर थांबा. त्या मुलाला समोर बोलवा, एक उतारा द्या, घड्याळ लावा आणि जे दिसेल ते लिहा. तो कागद कदाचित दहा वर्षांनी कोणाच्या तरी आईच्या पिशवीतून बाहेर निघेल.

आणि पालकहो, तुमच्या मुलाच्या प्रगतिपत्रकात आम्ही असं काही लिहिलं असेल तर शाळेत या आणि विचारा, “मॅडम, म्हणजे नेमकं काय?” आम्हाला राग येणार नाही. आला तरी विचारा.